सिझेरियननंतर सोनोग्राफी कशासाठी?

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपली वडीलधारी माणसे म्हणतात. सिझेरियन झालेली बाई घरी आली की आपण निर्धास्त होतो. मग ताप आला तर 'दूध उतरले असेल', पोट दुखले तर 'टाके ओले आहेत' असे म्हणून दिवस काढतो. हीच दिरंगाई कधी कधी जिवावर बेतते. म्हणून आत काय बिघडू शकते व ते कोणत्या तपासणीत दिसते, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

पहिली तपासणी सोनोग्राफी. तिच्यात ध्वनिलहरी वापरतात, क्ष-किरण नसतात. गर्भाशय व मूत्राशय यांच्यामध्ये साठलेले रक्त, आत राहिलेला वारेचा तुकडा, मूत्रवाहिनीला इजा झाल्याने फुगलेले मूत्रपिंड तिच्यात दिसू शकते. मात्र शस्त्रक्रियेनंतर काही दिवस गर्भाशयात थोडे रक्त वा हवेचे बुडबुडे असणे स्वाभाविक आहे. म्हणून डॉक्टर चित्राबरोबरच ताप, नाडी व रक्तस्रावही पाहतात.

औषधांनी ताप उतरत नसेल तर सीटी स्कॅन करतात. खोलवर साठलेला पू किंवा बीजकोशाच्या शिरेतील रक्ताची गुठळी त्यात कळते. एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखत असेल, तर डॉपलर सोनोग्राफी. पायातील गुठळी सुटून फुप्फुसात गेली की धाप लागते व छातीत दुखते. तिचा शोध सीटी अँजिओग्राफीने घेतात. असह्य डोकेदुखी वा झटके आल्यास मेंदूचा एमआरआय लागू शकतो. धाप, झटके किंवा जोराचा रक्तस्राव असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता आधी रुग्णालय गाठावे.

सीटीसाठी शिरेतून औषध टोचले म्हणून बाळाचे दूध तोडावे लागते, हाही गैरसमज आहे. त्याचा एक टक्क्याहूनही कमी अंश दुधात उतरतो. स्तनपान चालू ठेवता येते.

खर्चाच्या भीतीने कोणी थांबू नये. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील सिझेरियन, औषधे व तपासण्या मोफत आहेत. बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांतील गुंतागुंतही त्यात येते.

पुढच्या खेपेस दिवस राहिल्यास लवकर सोनोग्राफी करावी, कारण गर्भ क्वचित जुन्या व्रणातच रुजतो. आमच्या विद्यार्थी मित्रांनी हा लेख घरी आई-बहिणींना वाचून दाखवावा, एवढीच विनंती.