जुन्या डीप फ्रीजरचा स्मोकर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तिलवाऱ्याकडे नर्मदेकाठी, नाहीतर जबलपुरात कुठेही, मांसाला धुरी देण्याचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो: "दुकानातला जुना डीप फ्रीजर भंगारातून उचला, कॉम्प्रेसर काढा, तळाशी निखारे ठेवा. जाड भिंती आहेत, उष्णता धरून ठेवतील." हा सल्ला ऐकला की माझा संयम सुटतो, कारण त्या भिंतींत काय भरलंय हे देणाऱ्याने पाहिलेलंच नसतं.

तिथे पॉलियुरेथेन फोम असतो. शंभर अंश सेल्सियसच्या पुढे तासन्‌तास तापणं त्याला सोसत नाही, आणि तो पेटलाच तर धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतो. आतलं अस्तर पुष्कळदा प्लॅस्टिकचं असतं; तेही शंभरीच्या आगेमागे मऊ पडतं. झाकणाची रबरी पट्टी बहुधा पीव्हीसीची. गरम धुरीला मात्र पेटीत १०५ ते १२० अंश लागतात! "आमच्या फ्रीजरला आतून पत्रा आहे," असं उत्तर येतं. असू दे, पत्र्यामागे फोमच आहे. आणि पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल तर लिंबू-व्हिनेगर चोळलेलं मांस त्याला टेकताही कामा नये.

दुसरा समज: "नळी कापली की थंडावा देणारा गॅस उडून जातो, विषय संपला." संपत नाही. जुन्या यंत्रांत आर-१२ हा गॅस असे. ओझोनचा थर खाणाऱ्या अशाच वायूंना आवर घालायला १९८७ साली माँट्रियल करार झाला. नंतर आर-१३४ए आला. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या चौथ्या अहवालानुसार शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट तापमान वाढवतो. अलीकडचे आर-२९० आणि आर-६००ए म्हणजे प्रोपेन आणि आयसोब्युटेन. ते सरळ पेट घेतात. कुठला गॅस आहे ते मागच्या पाटीवर छापलेलं असतं. मेकॅनिककडून तो सिलिंडरमध्ये काढून घ्या, मगच नळीला हात लावा.

फ्रीजरचा उपयोग होतो तो थंड धुरीला: चूल बाहेर लांब, धूर नळीने आत, पेटीचं तापमान तिसाच्या खाली. जबलपूरचा मे महिना चाळिशी ओलांडतो, म्हणजे हे काम थंडीतल्या रात्रींचं. मांस आधी मिठात मुरवलेलं हवं, आणि खाण्यापूर्वी नीट शिजवायलाच हवं.

"धुरी दिली की मांस टिकतं" हेही अर्धसत्य. गोव्याचा चोरीस, म्हणजे तिथला सॉसेज, टिकतो तो मीठ, व्हिनेगर आणि वाळवणीच्या जोरावर; धूर त्यांना हातभार लावतो.

धूर जितका दाट तितकी चव चांगली? दाट पांढरा धूर कडवटपणा आणतो. पातळ, निळसर धूर हवा. कुठलंही लाकूड चालतं? रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूड कधीच नाही. झाकणावरचा काटा मांसाचं तापमान दाखवतो? तो हवेचं दाखवतो; कोंबडी आतून ७४ अंशांवर गेली का, हे सुईचा थर्मामीटर खुपसूनच कळतं.

गरम धुरीच हवी असेल तर फ्रीजर भंगारवाल्याकडेच राहू द्या. विटा-मातीची भट्टी रचा, वर लोखंडी जाळी आणि झाकण ठेवा, आणि ती उघड्यावर पेटवा.