गोल कोपऱ्यांचे गणित

संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या खिडकीचे कोपरे टोकदार असतात की गोलसर? उत्तर संगणक कोणत्या काळातला, यावर ठरते. विंडोज ९५ मध्ये खिडक्या काटकोनी होत्या. २००१ च्या विंडोज एक्सपीत वरचे कोपरे गोल झाले, २०१२ च्या विंडोज ८ मध्ये पुन्हा टोकदार, २०२१ च्या विंडोज ११ मध्ये पुन्हा गोल! कपड्यांच्या फॅशनसारखेच हे. पण आवड पुरवायची तर आकार काढता यायला हवा, आणि एके काळी तेच अवघड होते.

१९८१ साली ॲपल कंपनीत बिल ॲटकिन्सन पडद्यावर आकृत्या काढणारा प्रोग्रॅम लिहीत होते. तोच पुढे १९८४ च्या मॅकिन्टॉशमध्ये आला. वर्तुळे झपाट्याने काढून दाखवताच स्टीव्ह जॉब्ज यांनी विचारले, गोल कोपऱ्यांचे आयत जमतील का? ॲटकिन्सनना ते कठीण आणि अनावश्यक वाटले. तेव्हा जॉब्ज त्यांना रस्त्यावर फिरायला घेऊन गेले आणि असे आयत एकेक करून दाखवू लागले. 'नो पार्किंग'च्या पाटीपाशी ॲटकिन्सननी हार मानली. दुसऱ्या दिवशी आकार तयार होता.

अडचण कोणती? वर्तुळावरचा बिंदू शोधायला वर्गमूळ लागते. मॅकिन्टॉशच्या ६८००० या चिपमध्ये दशांश अपूर्णांकांच्या आकडेमोडीची सोय नव्हती. पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी मात्र ती झटकन करी. ॲटकिन्सननी शाळेतलीच एक गोष्ट वापरली: १, १+३=४, १+३+५=९. विषम संख्या क्रमाने मिळवत गेले की वर्ग आपोआप मिळतात.

ही कल्पना आलेख कागदावर करून पाहू या. त्रिज्या १० घरे. वर्तुळाच्या माथ्यावर आडवे अंतर ०, उभे १०, वर्गांची बेरीज १००. एक घर उजवीकडे गेलो की बेरजेत १ मिळवायचा, पुढच्या घरांना ३, ५, ७... बेरीज १०० च्या वर गेली की एक घर खाली उतरून १९ वजा करायचे (१० चा वर्ग उणे ९ चा वर्ग), पुढच्या वेळी १७, मग १५.

पहिल्याच पावलाला १०१ होतात, म्हणून खाली: ८२. मग ८५, ९०, ९७. पुढे १०६, पुन्हा खाली: ८९. नंतर बरोबर १००! तो बिंदू (६, ८), म्हणजे पायथागोरसचे ओळखीचे त्रिकूट. पुढे (७, ७) आला की थांबावे. उरलेले बिंदू आडवे-उभे अंतर अदलाबदल करून मिळतात. गुणाकार नाही, वर्गमूळ तर नाहीच.

गोल कोपऱ्यांच्या आयतासाठी या वर्तुळाचे चार तुकडे चार कोपऱ्यांत सरकवायचे आणि मध्ये सरळ रेषा जोडायच्या. वर्गात एकाच आयताला ४ घरांची आणि १० घरांची अशी दोन्ही गोलाई देऊन पाहावी, आणि कोणती अधिक आवडते ते मुलांना विचारावे. एकमत होण्याची शक्यता कमीच!