संदेश पोहोचला नाही तर?

वाहतुकीचा सिग्नल चौकातला असो वा रेल्वेमार्गावरचा, त्याच्यामागे दोन निरनिराळी कामे चालू असतात : कोणाला जाऊ द्यायचे आणि कोणाला थांबवायचे हे ठरवणे हे पहिले, आणि ठरलेले दिव्यापर्यंत किंवा चालकापर्यंत पोहोचवणे हे दुसरे. हे दुसरे काम पूर्वापार तारेकडे होते; आता ते रेडिओलहरींवर सोपवता येते, त्यासाठी चर खणावे लागत नाहीत, केबल तुटण्याची वा चोरीला जाण्याची धास्ती उरत नाही, आणि म्हणून बिनतारी उपकरणांकडे ओढा वाढत चालला आहे. मात्र रेडिओचा संदेश कधी पोहोचतो, कधी अर्धवट पोहोचतो आणि कधी मुळीच पोहोचत नाही. सारे सुरळीत असताना चांगली आणि वाईट यंत्रणा सारखीच दिसते. त्यांच्यातला फरक संदेश अडल्यावर कळतो. हा फरक समजून घेण्यासाठी रत्नागिरीतून जाणाऱ्या कोकण रेल्वेइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

रोहा ते मंगळुरूजवळचे ठोकूर असा सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग १९९८ साली सलग वाहतुकीस खुला झाला, आणि त्याचा कारभार रत्नागिरी व कारवार अशा दोन विभागांतून चालतो. रत्नागिरीच्या उत्तरेस उक्षी आणि भोके या स्थानकांच्या दरम्यान साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा आहे, तर दक्षिणेस निवसरच्या वाटेवर ६४ मीटर उंचीचा पानवलचा पूल आहे. डोंगर, बोगदे आणि खोल कटिंग यांमुळे रेडिओलहरींना इथे पावलोपावली अडथळा होतो. शिवाय रोहा ते वीर हा दुहेरी झालेला टप्पा वगळला, तर बहुतेक मार्ग एकेरी असल्याने दोन्ही दिशांच्या गाड्या त्याच रुळांवरून धावतात आणि स्थानकात एक गाडी बाजूला घेऊन दुसरीला वाट दिली जाते, ज्याला क्रॉसिंग म्हणतात.

एकेरी मार्गावरचा मूळ नियम असा की, दोन स्थानकांमधल्या पट्ट्यात, म्हणजे ब्लॉक सेक्शनमध्ये, एका वेळी एकच गाडी असावी. पुढच्या स्थानकाच्या स्टेशन मास्तरांनी ब्लॉक उपकरणावरून ‘लाइन क्लिअर’ दिल्याखेरीज मागच्या स्थानकाचा गाडी सोडणारा सिग्नल हिरवा होऊच नये, अशी सांगड विद्युत आणि यांत्रिक कुलपांनी घातलेली असते आणि तिला इंटरलॉकिंग म्हणतात. रुळावर गाडी आहे की नाही हे ओळखण्याची एक जुनी पद्धत म्हणजे ट्रॅक सर्किट : रुळांतून सौम्य प्रवाह सोडून तो पलीकडच्या रिलेपर्यंत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्यापर्यंत नेतात, गाडीची चाके रुळांवर आली की प्रवाह मधूनच परततो, खटका पडतो आणि सिग्नल लाल होतो. बॅटरी संपली, तार तुटली किंवा रूळच तुटला, तरीही प्रवाह खुंटतो, खटका पडतो आणि लालच लागतो. बिघाड झाला की यंत्रणेने आपोआप धोक्याच्या बाजूचा अर्थ घ्यावा, या तत्त्वावर रेल्वेची सारी सिग्नल व्यवस्था उभी आहे.

या व्यवस्थेत बिनतारी उपकरणांना मिळालेली जागा पावसाळ्यात नीट दिसते. कोकण रेल्वेच्या प्रत्येक स्थानकात २५ वॅटचा व्हीएचएफ रेडिओसंच असतो आणि लोको पायलट (इंजिनचालक) व गार्ड यांच्याकडे वॉकीटॉकी असतात, त्यामुळे गाडीवरचे कर्मचारी परस्परांशी आणि स्टेशन मास्तरांशी बोलू शकतात. पानवल पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र आहे. चिपळूण ते कामथे यांच्या दरम्यान वाशिष्ठी नदीवर पुराचा इशारा देणारी यंत्रणा आहे. रत्नागिरीसह नऊ स्थानकांत पाऊस आपोआप नोंदवणारी मापके आहेत. तरीही मार्गालगत सरासरी दर किलोमीटरला तारेने जोडलेले आपत्कालीन संपर्काचे सॉकेट ठेवलेले आहेत, ज्यांत दूरध्वनी जोडून गस्तीवरचा कर्मचारी थेट स्टेशन मास्तर किंवा नियंत्रकाशी बोलू शकतो. व्हीएचएफच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि डोंगराआड किंवा बोगद्यात क्षीण होतात, तेव्हा जिथे दरड कोसळण्याची भीती अधिक तिथेच रेडिओचा भरवसा कमी, आणि म्हणून ही तार आवश्यक ठरते. थोडक्यात, इथे बिनतारीकडे सावध करण्याचे आणि थांबवण्याचे काम आहे. पुढे जाण्याची परवानगी तार आणि इंटरलॉकिंग यांच्याच हाती राहिली आहे.

रेडिओवर याहून मोठी जबाबदारी टाकण्याचा एक प्रयत्नही कोकण रेल्वेतूनच झाला. ऑगस्ट १९९९ मध्ये पश्चिम बंगालमधील गैसल येथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन शेकडो प्रवासी दगावले, आणि त्यानंतर कोकण रेल्वेचे तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांच्या कल्पनेतून टक्कररोधक उपकरण आकाराला आले. इंजिनात बसवलेला संगणक जीपीएसवरून स्वतःचे स्थान ओळखतो, रेडिओ मोडेमवरून सुमारे ३ किलोमीटरच्या परिघातील इतर उपकरणांशी बोलतो आणि टक्कर संभवत असेल तर ब्रेक लावतो, अशी त्याची योजना होती. शेजारशेजारच्या दोन रुळांतले अंतर जेमतेम चार-पाच मीटर, आणि त्या काळच्या जीपीएसची चूक त्याहून मोठी. म्हणून रूळ बदलणाऱ्या सांध्यावरून जाताना गाडीची दिशा किती वळली हे मोजून ती कोणत्या रुळावर आहे, याचा तर्क केला जाई. हे उपकरण कोकण रेल्वेवर आणि ईशान्य सीमा रेल्वेच्या १,७०० हून अधिक किलोमीटर मार्गावर बसले. परंतु अनेक रूळ आणि दाट वाहतूक असलेल्या भागांत त्याच्या मर्यादा उघड झाल्या. त्यातली तात्त्विक अडचण अशी की, जवळच्या गाडीचा संदेश ऐकू येत नाही याचा अर्थ जवळ गाडी नाही असा घ्यायचा, की एखादे यंत्र बंद पडले आहे असा, हे नुसत्या शांततेवरून ठरवता येत नाही.

रेल्वेच्या संशोधन संस्थेने, म्हणजे आरडीएसओने, पुढे विकसित केलेल्या आणि २०२० मध्ये देशभरासाठी स्वीकारलेल्या ‘कवच’ प्रणालीत हाच प्रश्न उलट बाजूने सोडवला आहे. स्लीपरवर बसवलेल्या रेडिओ टॅगवरून इंजिनाला आपले नेमके स्थान आणि रूळ कळतो, स्थानकातील यंत्रणा इंटरलॉकिंगकडून सिग्नलची स्थिती घेते आणि गाडीने कुठपर्यंत जावे याची परवानगी यूएचएफ रेडिओवरून इंजिनाला देते. परवानगीला शेवटचा बिंदू ठरलेला असतो. नवा संदेश आला नाही तर ती वाढत नाही, आणि चालकाने वेळीच वेग कमी केला नाही तर यंत्र स्वतः ब्रेक लावते. परवानगी रेडिओने पोहोचत असली, तरी रेडिओ गप्प झाला की ट्रॅक सर्किटप्रमाणेच इथेही थांबण्याचाच अर्थ निघतो.

न पोहोचणाऱ्या संदेशाइतकाच खोटा संदेश घातक असू शकतो. पोलंडमध्ये गाड्या तातडीने थांबवण्यासाठी ठरावीक स्वरांचा रेडिओ संकेत वापरतात, आणि तो पाठवणारा कोण हे तपासण्याची सोय त्यात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कोणीतरी तो नक्कल करून प्रसारित केला आणि सुमारे २० गाड्या अडकल्या. खोळंबा झाला, पण टक्कर झाली नाही, कारण त्या संकेतात गाडी सोडण्याची ताकदच नव्हती. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एका रस्ते यंत्रणेच्या परवानगीने तिच्या चौकांतील बिनतारी जाळे तपासले, तेव्हा संदेश सांकेतिक रूपात पाठवलेले नव्हते आणि कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले होते. त्यामुळे त्यांना दिवे हवे तेव्हा बदलता आले. मात्र परस्परांना छेदणाऱ्या दोन रस्त्यांना एकाच वेळी हिरवा देणे त्यांना साधले नाही, कारण चौकातल्या पेटीत बसवलेले स्वतंत्र संरक्षक यंत्र असा विरोध दिसताच सारे दिवे लुकलुकत्या लालवर नेते, आणि त्या यंत्रातले हे बंधन बिनतारी जाळ्यावरून बदलता येत नाही.

जांभ्या दगडात चर खणणे खर्चाचे आणि पावसाळ्यात खोदलेले रस्ते त्रासाचे, त्यामुळे रत्नागिरीसारख्या शहराला आपल्या चौकांसाठी बिनतारी सिग्नल सोयीचे वाटणे स्वाभाविक आहे. अशी खरेदी करताना पल्ला आणि किंमत यांच्या आधी तीन गोष्टी निविदेत लिहून घ्याव्या लागतील : संपर्क तुटल्यावर पेटी स्वतःच्या ठरलेल्या वेळापत्रकावर चालली पाहिजे, पाठवणाऱ्याची ओळख पटल्याखेरीज तिने आज्ञा पाळता कामा नये, आणि दोन विरोधी हिरवे दिवे रोखणारे यंत्र रेडिओपासून पूर्णपणे वेगळे असले पाहिजे. या तिन्ही गोष्टींची चाचणी स्वीकृतीच्या दिवशीच घेता येते : पहिलीची आणि तिसरीची अँटेना काढून ठेवून, दुसरीची अनोळखी पाठवणाऱ्याची आज्ञा पाठवून. तीत जी पेटी अडखळेल ती कितीही स्वस्त मिळाली तरी परत पाठवणेच हिताचे.