काल्पनिक अंतराळसत्तांचे युद्ध आणि पाथरीचा दाखला

दोन भिन्न लेखकांनी कल्पिलेल्या अंतराळसत्ता एकमेकींवर चालून गेल्या, तर जय कोणाचा होईल, हा वाद विज्ञानकथांच्या वाचकांत वर्षानुवर्षे रंगत आला आहे. ‘स्टार ट्रेक’मधील (१९६६) संघराज्य आणि ‘स्टार वॉर्स’मधील (१९७७) साम्राज्य ही या वादातील नेहमीची जोडी होय. हा पोरखेळ म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु जे घडलेच नाही त्याविषयी तर्कशुद्ध विधान करता येते काय, आणि येत असल्यास कोणत्या अटींवर, हा त्यामागील प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकासही टाळता येत नाही. मराठी वाचकांस तो अपरिचित नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव बचावतात आणि मराठे विजयी होतात. तेथे एका गोळीची दिशा तेवढी पालटलेली आहे. बाकी सर्व परिस्थिती इतिहासातील आहे. म्हणूनच त्या कथेवर वाद करता येतो. एक गोष्ट बदलावी व उरलेल्या स्थिर ठेवाव्यात, ही अशा विचाराची पहिली अट होय.

वादात प्रथम पुढे येतो तो संख्येचा मुद्दा. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९१६ साली असे दाखविले की, दोन्ही दळांतील प्रत्येकास परस्परांवर दुरून मारा करता येत असेल, तर दळाचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, शस्त्राच्या गुणवत्तेच्या मात्र सरळ प्रमाणातच वाढते. १०० नौकांशी तितक्याच गुणाच्या ६० नौका लढल्या, तर साठांचा नाश होईतो शंभरांपैकी ८० शिल्लक राहतात. तेच साठ तीस-तीसच्या दोन तुकड्यांनी आले, तर सुमारे ९१ उरतात. उलटपक्षी, ५० नौकांनी १०० नौकांशी बरोबरी करावयाची, तर त्यांची शस्त्रे दुप्पट नव्हे, चौपट प्रभावी हवीत. यावरून केवळ शस्त्रांची वर्णने ताडून निकाल देणे किती अपुरे आहे, हे ध्यानात येईल. बळ एकत्र आणता येते की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

बळ एकत्र आणण्याच्या आड येते ते अंतर. याचा एक जुना दाखला परभणी जिल्ह्यातील पाथरी येथे मिळतो. बहमनी राज्य फुटल्यावर पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते. त्यामुळे बुऱ्हाण निजामशहाने तिच्या मोबदल्यात दुसरा प्रदेश देऊ केला. अल्लाउद्दीन इमादशहाने ती मागणी नाकारली. १५१८ साली बुऱ्हाणाने पाथरी घेतली. पुढे इमादशहाने गोवळकोंड्याच्या कुली कुतुबशहाचे साह्य घेऊन ती परत मिळविली. १५२७ साली ती पुन्हा निजामशाहीत गेली. दहा वर्षांच्या आत गावाचे स्वामित्व तीन वेळा पालटले.

या झगड्याचे नकाशावरील रूप पाहण्याजोगे आहे. सरळ रेषेने मोजल्यास पाथरीपासून अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) सुमारे १८० किलोमीटर, वऱ्हाडची राजधानी एलिचपूर (अचलपूर) सुमारे २५० आणि गोवळकोंडा सुमारे २९० किलोमीटर आहे. दूरच्या मित्राच्या बळावर गाव घेता आले, पण टिकविता आले नाही. अर्थात अंतर हे एकच कारण मानणे चुकीचे होईल. अहमदनगरच्या दृष्टीने हा वडिलोपार्जित स्थानाचा प्रश्न होता, आणि ज्याला अधिक हवे तो अधिक सोसतो, हेही येथे दिसते. अर्थशास्त्रज्ञ केनेथ बोल्डिंग यांनी १९६२ साली हाच विचार सिद्धान्तरूपाने मांडला: सत्तेचे बळ तिच्या केंद्रापासून दूर जाताना घटत जाते, आणि घट किती हे वाहतुकीच्या साधनांवर अवलंबून असते.

आता हीच कसोटी ताऱ्यांमधील अवकाशास लावून पाहू. सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. तेथील सेनापतीने आज्ञा मागितली, तर उत्तर मिळण्यास साडेआठ वर्षे लागतील. प्रकाशाच्या एकदशांश वेगाने निघालेली नौका तेथे ४२ वर्षांनी पोहोचेल. निघताना शत्रूविषयीची तिची माहिती चार वर्षांची शिळी होती. पोहोचेपर्यंत ती ४६ वर्षांची झालेली असेल. त्या वेगाने जाणाऱ्या एका किलोग्रॅम वस्तूची गतिज ऊर्जा सुमारे १०८ किलोटन टीएनटीइतकी, म्हणजे हिरोशिमावरील बाँबच्या सुमारे सातपट भरते. वेग हेच तेथे शस्त्र होय. अशा स्थितीत नगर उद्ध्वस्त करणे शक्य असले, तरी ते जिंकून त्यावर राज्य करणे जवळजवळ अशक्य आहे.

म्हणूनच बहुतेक लेखक प्रकाशापेक्षा अधिक वेग गृहीत धरतात, आणि निकाल त्या गृहीतात दडलेला असतो. ‘स्टार ट्रेक’च्या ‘व्हॉयेजर’ मालिकेत (१९९५–२००१) ७०,००० प्रकाशवर्षांच्या परतीस ७५ वर्षे लागतील असे सांगितले आहे. ‘स्टार वॉर्स’मध्ये मात्र दीर्घिकेतील दूरदूरची स्थाने अल्पावधीत गाठली जातात. हे नियम मान्य केले, तर साम्राज्याला आपले आरमार हवे तेथे एकवटता येईल, आणि संघराज्याच्या विखुरलेल्या तुकड्या लँचेस्टरच्या नियमानुसार एकेक करून पराभूत होतील. प्रारंभीच्या लढाया साम्राज्य जिंकेल, असा निष्कर्ष निघतो.

पण लढाया म्हणजे युद्ध नव्हे. त्याच साम्राज्याने आपले बळ एका प्रचंड तळात साठविले आणि एका लहानशा झरोक्यापायी तो गमावला. आयझॅक ॲसिमॉव्हच्या ‘फाउंडेशन अँड एम्पायर’मध्ये (१९५२) विजयी होत असलेला सेनापती परत बोलाविला जातो, कारण समर्थ सम्राटास समर्थ सेनापती सहन होत नाही. एच. जी. वेल्सच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये (१८९८) मंगळवासी तोफांनी नव्हे, सूक्ष्म जंतूंनी मरतात. शस्त्रांच्या तक्त्यात यांपैकी एकही गोष्ट सापडली नसती.

तात्पर्य, ‘कोण जिंकेल’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर नेहमी ‘जर’ने सुरू होते: जर नियम अमुक, अंतर अमुक आणि युद्धाचा हेतू अमुक असेल, तर. विद्यार्थ्यांनी हा वाद जरूर करावा. मात्र प्रथम अटी लिहून काढाव्यात. आणि एक प्रश्न आणखी विचारावा. निजामशाही जिंकली की इमादशाही, याची नोंद बखरकार करतात. परंतु दहा वर्षांत तीन धनी पाहिलेल्या पाथरीच्या रयतेला त्यांपैकी कोणता जय आपला वाटला असेल? काल्पनिक ग्रहांवरही कोणीतरी राहत असते, हे विसरून केलेला हिशेब अपुराच राहील.