तोकोरोदे, साते, सोओ इएबा

जपानमध्ये दुकान नव्या जागी हलवलं की गिऱ्हाइकांना छापील पत्र जातं. वर 'हाइकेइ' हा मायना. मग ऋतूचा उल्लेख, आपली भरभराट होत असेलच अशी खात्री, आजवरच्या लोभाबद्दल आभार. हे सगळं यथासांग झालं की नवी ओळ 'साते' या शब्दाने उघडते, आणि दुकान हलल्याची बातमी तिथे येते. सरावलेला वाचक वरच्या ओळींवरून नुसती नजर फिरवून थेट 'साते'वर येतो. आपल्याकडच्या 'सा. न. वि. वि.'मधलं 'विनंती विशेष' हेच काम करायचं.

घाई असेल तर मायन्याच्या जागी 'झेनऱ्याकु' लिहितात. वरचा मजकूर गाळला आहे, अशी ती उघड कबुली. सांत्वनाच्या पत्रात मात्र ना मायना, ना ऋतू. तिथे पाल्हाळ अशिष्ट ठरतो.

जपानी शालेय व्याकरणात उभयान्वयी अव्ययांचे गट पाडतात. त्यांतला एक 'तेन्कान', म्हणजे विषयपालटाचा. 'साते', 'तोकोरोदे', 'तोकिनी', 'देवा' ही त्यातली मंडळी. (मराठी कान 'देवा'ला हमखास टवकारतात, अर्थ मात्र 'तर मग' एवढाच.) व्याकरणाच्या पुस्तकात ही सगळी एका रांगेत बसतात, बोलण्यात नाही. यांतला प्रत्येक शब्द विषय बदलता बदलता आणखी काही सांगून जातो: आधीच्या बोलण्याशी पुढच्याचं नातं काय, आणि गाडी वळवण्याचा हक्क कोणाचा.

'साते' म्हणणाऱ्याच्या हाती सूत्रं असतात. बातम्या देणारा निवेदक, सभेचा अध्यक्ष, वर्गातले सेन्सेइ यांच्या तोंडी तो शोभतो. पुढे काय यायचं ते आधीच ठरलेलं आहे, आता तिकडे वळू या, असा त्याचा रोख. म्हणून तो स्वतःशीही म्हणता येतो: चहा संपवून गुडघ्यांवर हात टेकत उठताना 'साते तो'. पण साहेबांसमोर कालपरवा लागलेल्या पोराने 'साते' म्हटलं तर सभा तोच चालवतोय असं वाटतं.

'तोकोरोदे'चं तोंड समोरच्याकडे. त्याच्या मागून बहुतेक वेळा प्रश्न येतो. झालेल्या बोलण्याशी याचा संबंध नाही, हे तो सरळ मान्य करतो. 'देवा' आणि त्याचं घरगुती रूप 'ज्या' यांची तऱ्हा वेगळी. तुमचं ऐकलं, त्यावरूनच आता पुढे जाऊ, असा त्यांचा आव. निरोप घेतानाही 'ज्या, माता' म्हणतात ते त्यामुळेच.

सगळ्यांत मुरलेला शब्द 'सोओ इएबा', म्हणजे आपलं 'त्यावरून आठवलं'. जेवणाच्या सुट्टीतले दोन सहकारी समजा. एक जण कानाझावाला जाऊन आला, तिथे पाऊस लागला. दुसरा म्हणतो, तिथे डबा विसरला तरी चालेल, छत्री विसरू नये म्हणतात ना. (म्हण खरीच आहे, जपानी समुद्राकाठचं हे शहर पावसासाठी ओळखलं जातं.) दोघे हसतात. 'सोओ देसु ने', म्हणजे 'हो ना', एकदा, मग जरा हळू आवाजात पुन्हा एकदा. किंचित शांतता. मग दुसरा म्हणतो, 'सोओ इएबा, पुढच्या आठवड्याची मीटिंग कधी ठरली?' छत्रीचा आणि मीटिंगचा काडीचा संबंध नाही. पण 'तोकोरोदे' म्हटलं असतं तर पावसाची गोष्ट बाजूला सारल्यासारखं झालं असतं. 'सोओ इएबा'मुळे नवा विषय जणू जुन्यातूनच उगवला. हे सौजन्याचं खोटं दोघांनाही कळतं, आणि दोघांनाही चालतं.

माझ्या मते या प्रसंगातली खरी कारागिरी शब्दाच्या आधी आहे. ऐकणाऱ्याच्या 'हाय', 'हेए', 'नारुहोदो' अशा हुंकारांना जपानीत 'आइझुची' म्हणतात. शब्द लोहाराच्या ऐरणीवरचा: उस्तादाच्या घावापाठोपाठ शागिर्दाने घातलेला घाव. भाषाभ्यासक सेन्को मेनार्ड यांनी १९८९ च्या पुस्तकात जपानी आणि अमेरिकन गप्पा शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा जपानी बाजूला हे हुंकार कितीतरी जास्त निघाले. ते मंदावले, एकसुरी झाले, की विषय संपत आल्याचं दोघांनाही उमगतं. दार दोघांनी मिळून लोटल्यावरच 'सोओ इएबा' येतो. भर गप्पांत तो टाकला तर तोही उर्मटच.

शब्दाशिवायही भागतं. राकुगो या विनोदी कथाकथनातला कथेकरी उशीवर बसून आधी 'माकुरा' सांगतो: हवापाण्याच्या गमती, इकडचं तिकडचं. मग बोलता बोलता अंगावरचा हाओरी हा झगा खांद्यांवरून मागे सोडतो. आता मूळ कथा, हे जाणकार श्रोत्याला त्यावरून समजतं.

लेखनात भरकटून परत येण्यासाठी 'कान्वा क्यूदाइ' हा चार चिन्हांचा भारदस्त शब्द आहे. चिनी कादंबऱ्यांतून आलेला. फालतू गप्पा पुरे, मूळ मुद्द्यावर येऊ, असा अर्थ. गंमत म्हणजे आज अनेक जपानी लोक तो नेमका उलटा, मुद्दा सोडून गप्पांकडे वळताना वापरतात. केइ इशिगुरो या भाषाभ्यासकाने २००८ मध्ये केवळ उभयान्वयी अव्ययांवर सर्वसामान्यांसाठी पुस्तक लिहिलं. गरज तिथल्या वाचकांनाही होती तर.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची पंचाईत वेगळी. 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या धड्यातच 'सोरोसोरो शित्सुरेइ शिमासु', म्हणजे 'आता निघतो', हे वाक्य भेटतं. निघायचं कसं ते लवकर कळतं, वळायचं कसं ते राहून जातं. शब्दसंग्रहात 'तोकोरोदे'पुढे 'बाय द वे' लिहिलेलं असतं आणि विद्यार्थी तो जिथे तिथे लावतो. मग आयटी कंपनीत ब्रिज इंजिनिअर, म्हणजे ग्राहक आणि इथली टीम यांतला दुवा, झाल्यावर जपानी ग्राहकाशी हवापाण्याच्या गप्पा होतात, आणि कामाची तारीख चुकणार ही बातमी 'तोकोरोदे'वर स्वार होऊन येते. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढी मोठी गोष्ट हा जाता जाता सांगतोय?

इथे लागतो 'जित्सु वा', म्हणजे 'खरं तर'. तोही 'गा' या अव्ययावर लोंबकळत ठेवलेल्या अर्ध्या वाक्यात: 'जित्सु वा, तारखेबद्दल थोडं बोलायचं होतं, पण...' एवढ्यावर थांबायचं. समोरचा 'हाय' म्हणेपर्यंत पुढचं वाक्य उच्चारायचं नाही. त्या 'हाय'पर्यंत त्याने वही उघडलेली असते, आणि किती दिवस लांबणार हा प्रश्न बहुधा तोच विचारतो.