द्विमितीय चुंबकांतील भोवऱ्यांचे जालक

चुंबकीय पदार्थातील अणूचे सूक्ष्म चुंबकत्व, म्हणजेच त्याचा ‘स्पिन’, सहसा शेजाऱ्याच्या दिशेला समांतर राहू पाहते; परंतु काही पदार्थांत हे स्पिन केंद्रापासून कडेपर्यंत क्रमाक्रमाने कलत जाऊन पूर्ण उलटे होतात आणि त्यातून जी भोवऱ्यासारखी रचना तयार होते, तिला ‘स्किर्मिऑन’ म्हणतात. असे भोवरे नियमित अंतरावर रचले गेले की त्यांचे जालक बनते. बोगदानोव्ह आणि याब्लोन्स्की यांनी १९८९ मध्ये या भोवऱ्यांचे भाकीत कागदावर मांडले होते; मँगनीज सिलिसाइडमध्ये न्यूट्रॉनांच्या विकिरणातून जालक प्रत्यक्ष आढळले ते २००९ मध्ये.

सैद्धांतिक प्रतिमानाचा गाभा दोन ऊर्जांच्या ओढाताणीत आहे. विनिमय ऊर्जा शेजारच्या स्पिनांना समांतर ठेवू पाहते, तर झ्यालोशिन्स्की–मोरिया आंतरक्रिया त्यांना परस्परांशी काटकोनात वळवू पाहते. दुसरीचे बळ पहिलीच्या एक दशांश असेल, तर लगतच्या दोन स्पिनांमधील कोन सुमारे पावणेसहा अंश भरतो आणि एक पूर्ण फेरा व्हायला साधारण ६३ अणू लागतात. अशा रीतीने एका गुणोत्तरावरून जालकाच्या अंतराचा अंदाज बांधता येतो. बाह्य चुंबकीय क्षेत्र नसताना बहुधा नुसते सर्पिल पट्टे दिसतात, मध्यम क्षेत्रात त्रिकोणी जालक उभे राहते आणि तीव्र क्षेत्रात सारे स्पिन एकाच दिशेला वळतात.

अडचण येते ती द्विमितीय चुंबकांत. क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकच थर सुमारे ४५ केल्व्हिन तापमानापर्यंत चुंबकीय राहतो, हे २०१७ मध्ये दिसून आले. पण त्यातील शेजारच्या दोन क्रोमियम अणूंचा मध्यबिंदू हे सममितीचे केंद्र असल्यामुळे त्यांच्यातील वळवणारी आंतरक्रिया शून्य होते. म्हणून सिद्धांतकार थराच्या एका बाजूच्या आयोडीनऐवजी ब्रोमीनसारखे दुसरे मूलद्रव्य कल्पून ही सममिती मोडतात आणि तशा थराचे गणित संगणकावर सोडवतात. युक्ती सुबक खरी, मात्र असा थर प्रत्यक्ष घडवणे हे निराळेच काम आहे.

शिवाय दोन पदांचे हे प्रतिमान सर्वत्र पुरत नाही. इरिडियमवर बसवलेल्या लोहाच्या एका अणूइतक्या जाड थरात २०११ मध्ये जे जालक दिसले, त्यातील भोवरे जेमतेम एक नॅनोमीटरचे होते, मांडणी त्रिकोणी नसून चौकोनी होती आणि बाह्य क्षेत्राचीही गरज नव्हती. त्याचा उलगडा करण्यासाठी चार स्पिनांची एकत्रित आंतरक्रिया समीकरणात घ्यावी लागली.