लाल विंचवाच्या दंशावरील उपचार

लाल विंचवाचा दंश ही कोकण व पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आढळणारी, विशेषतः लहान मुलांच्या जिवावर बेतू शकणारी वैद्यकीय आणीबाणी आहे. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (राजगड) या डोंगराळ तालुक्यांत वाड्या-वस्त्या विखुरलेल्या आहेत. त्यामुळे अशा रुग्णाला प्रथम तपासणारी व्यक्ती बहुधा गावातील डॉक्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी असते. या दंशावरील आधुनिक उपचारपद्धती भोरहून वरंधा घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या महाड तालुक्यात विकसित झाली.

विषाचा परिणाम
या विंचवाचे शास्त्रीय नाव हॉटेन्टोटा टॅम्युलस असे आहे. दगडांचे ढीग, गवताच्या गंजी, जुन्या भिंतींच्या फटी येथे तो दडून राहतो व रात्री बाहेर पडतो. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर असली, तरी तिचा दंश सहसा प्राणघातक नसतो. लहानशा लाल विंचवाचा असू शकतो. त्याच्या विषामुळे स्वायत्त चेतासंस्था अतिउत्तेजित होते. उलट्या, दरदरून घाम, लाळ गळणे व हातपाय गार पडणे ही प्रारंभिक लक्षणे होत. प्रथम रक्तदाब वाढतो; पुढे हृदय दुर्बल होऊन फुप्फुसांत पाणी साचू शकते.

केवळ वेदनेवरून दंशाचे गांभीर्य ठरवता येत नाही. असह्य कळा येणारा, परंतु हातपाय उबदार असलेला रुग्ण तुलनेने सुरक्षित असतो. वेदना थोडी असूनही घामाने भिजलेला, गार पडलेला रुग्ण धोक्यात असतो.

प्रॅझोसिनचा वापर
डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना या लक्षणांच्या तपशीलवार नोंदी केल्या. त्या १९८२ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. उच्च रक्तदाबावरील प्रॅझोसिन हे औषध विषाच्या परिणामांना थेट छेद देते, असे त्यांना आढळले. या औषधापूर्वीच्या काळात गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते; वापर रुळल्यानंतर ते सुमारे १ टक्क्यावर आले. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

प्रॅझोसिन तोंडावाटे दिले जाते. मुलांमध्ये मात्रा दर किलो वजनामागे ३० मायक्रोग्रॅम असते. हातपाय उबदार होईपर्यंत ती दर तीन तासांनी पुन्हा दिली जाते. रक्तदाब अचानक उतरू नये म्हणून रुग्णाला झोपवून ठेवावे लागते. केवळ वेदना असल्यास हे औषध देत नाहीत. दंशाच्या जागी भूल देणारे इंजेक्शन पुरेसे ठरते. पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडचा उपयोग होत नाही, तर ॲट्रोपीनमुळे अपाय होऊ शकतो.

प्रतिविषाविषयीचा पुरावा
हिंमतराव व प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथे ७० रुग्णांवर केलेली यादृच्छिक चाचणी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. प्रॅझोसिनसह विंचू-प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्णांची लक्षणे दहा तासांत पूर्णपणे नाहीशी झाली. केवळ प्रॅझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ रुग्णांत असे घडले. बरे होण्याचा सरासरी काळ अनुक्रमे ८ व १७.७ तास होता. मात्र कोणाला कोणता उपचार मिळाला, हे या चाचणीत उघड होते आणि रुग्णसंख्या लहान होती. त्यामुळे प्रतिविषाने मृत्यू कमी होतात, असा निष्कर्ष तीवरून काढता येत नाही.

ग्रामीण व्यवहारातील महत्त्व
प्रतिविष शरीरात फिरणाऱ्या विषाला निष्प्रभ करते. हृदयावर आधीच झालेला परिणाम ते पुसून टाकत नाही. म्हणून ते लवकर द्यावे लागते. पावसाळ्यात घाटरस्ते बंद पडतात तेव्हा दुर्गम वस्तीवरील रुग्णाला मोठे रुग्णालय गाठण्यास वेळ लागतो. प्रॅझोसिनची गोळी मात्र स्वस्त असून लहान दवाखान्यातही ठेवता येते. त्यामुळे गार हातपाय व घाम ही लक्षणे ओळखून पहिली मात्रा स्थानिक पातळीवरच देणे आणि मग रुग्णाला देखरेखीखाली पुढे पाठवणे महत्त्वाचे ठरते.